एका मुरक्क्यातले दोन मलिक अंबर

एक चित्र असं आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल एका बैलाच्या पाठीवर, बैल एका माशाच्या पाठीवर. ढगांतून पंख फुटलेली दोन गुबगुबीत बाळं खाली वाकून बादशहाला शस्त्रं पुरवताहेत. समोर भाला रोवलेला, भाल्याच्या टोकावर एका काळ्यासावळ्या माणसाचं तोडलेलं मुंडकं, मुंडक्यावर घुबड. जहांगीर धनुष्य ताणून त्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्रकार अबुल हसन, बादशहाचा सगळ्यात लाडका. मुंडकं मलिक अंबरचं.

दुसरं चित्र त्याच माणसाचं, त्याच दरबारात, त्याच सुमारास काढलेलं. चित्रकार हाशिम. मलिक अंबर इथे डोक्यापासून पायापर्यंत पुरा आहे. बाजूने दिसणारा, अंगात पांढरा जामा, हातात लांब तलवार, देह उतारवयात भरतो तसा भरलेला. घुबड नाही, बैल नाही, देवदूत नाहीत. मागे मोकळा रंग आणि पुढे एक माणूस, इतकंच. या माणसाला दरबारात शिव्या घातल्या जात होत्या, हे चित्र बघून कुणालाही कळणार नाही.

मी चकित होतो ते पुढच्या गोष्टीने. ही दोन्ही चित्रं एकाच मुरक्क्यातली आहेत. मुरक्का म्हणजे सुटी चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधून केलेला शाही संग्रह. ज्या घराण्याने त्या माणसाचं मुंडकं रंगवून घेतलं, त्याच घराण्याने त्याचा खरा चेहराही जपून ठेवला, आणि दोन्हींना सारख्याच सुंदर वेलबुट्टीच्या चौकटी घातल्या.

मुंडक्याचं चित्र १६१६ च्या आसपासचं. मलिक अंबर वारला १६२६ मध्ये. म्हणजे ते चित्र वाळत होतं तेव्हा तो मराठवाड्यात घोड्यावर बसून मुघलांच्या रसदा तोडत होता. ते मुंडकं जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. पुढच्याच वर्षी, १६२७ मध्ये, जहांगीरही गेला.

अंबर आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकला जातो. त्याचं आयुष्य मात्र दोन ओळींत मावणारं नाही. जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून बगदादपर्यंत हातोहात फिरला. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. तिथून तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवा स्वतःही हबशी होता, स्वतःही कधीकाळी गुलाम होता. पेशवा मेल्यावर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला, परत आला. १६०० मध्ये अहमदनगर मुघलांनी घेतलं आणि निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा याने परांड्याला निजामशाही वंशातला एक मुलगा गादीवर बसवला आणि पुढची सव्वीस वर्षं ते राज्य स्वतःच्या खांद्यावर उभं ठेवलं. नावाला वकील आणि पेशवा. खरा कारभारी, सेनापती आणि राज्याचा मेंदू तोच. लखुजी जाधव, मालोजी आणि शहाजी राजे यांची कारकीर्द याच राज्याच्या छायेत घडली.

हिंगोलीकरांनी या चेहऱ्याकडे जरा थांबून बघावं, त्याला कारण आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १९९९ मध्ये; पण चारशे वर्षांपूर्वी गोदावरी ते पैनगंगा हा सगळा पट्टा वऱ्हाड, तेलंगण आणि निजामशाही यांच्या शिवेवरचा होता. चांदबिबीने १५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांना तोडून दिलं, आणि शीव सरकली ती आपल्या दाराशी. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोठी लढाई झाली. एका बाजूला अंबर, दुसऱ्या बाजूला मिर्झा इरज. हा इरज खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा, म्हणजे ज्याचे दोहे आपण हिंदीच्या तासाला पाठ केले त्या रहीमचा. अंबर त्या दिवशी हरला. जखमी होऊन रणात पडला आणि त्याच्या हबशी आणि दख्खनी सोबत्यांनी त्याला उचलून बाहेर काढलं. तो तिथेच संपला असता, तर पुढचं औरंगाबाद नाही, भातवडीची लढाई नाही, आणि ही दोन चित्रंही नाहीत.

तो वाचला. १६१० मध्ये दौलताबादजवळ खडकी गावी त्याने नवी राजधानी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पोटातून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याची, १६१२ चा भडकल दरवाजा त्याचा. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून बसवलेला सारा पुढे मलिकंबरी धारा म्हणून ओळखला गेला. १६१६ मध्ये जालन्याकडे रोशनगावला मुघलांनी त्याला पुन्हा हरवलं आणि खडकीची राखरांगोळी केली. तिथेही मुघलांचा सेनापती तोच इरज होता, आता शाहनवाज खान हा किताब मिळालेला. जहांगीरच्या चित्रातलं मुंडकं या विजयाच्या धुंदीतलं आहे, असं मानायला जागा आहे. पण १६२४ मध्ये भातवडीला, वयाच्या पंचाहत्तरीत, याच म्हाताऱ्याने तलावाचा बांध फोडून मुघल आणि विजापूरकर या दोघांच्या एकत्र फौजेला चिखलात उभं केलं आणि धूळ चारली. त्या लढाईत शहाजी राजे त्याच्या बाजूने होते.

आता हाशिमच्या चित्राकडे. हे चित्र भिंतीवर टांगायचं नाही, हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघायचं. अशा चित्राची सुरुवात कागदापासून होते. दोन-तीन कागद खळीने एकावर एक चिकटवून वसली तयार करतात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची रीत आहे. मग कागद उलटा टाकून अकीकाच्या गुळगुळीत गोट्याने घासतात. असा घोटलेला कागद हाताला जवळजवळ हस्तिदंतासारखा लागतो, आणि त्यावर कुंचला अडखळत नाही. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, पिसाच्या पोकळ दांडीत बसवलेला. भुवई, पापणी, ओठांची कड काढताना कागदाला टेकतं ते त्यातलं एखादंच टोक.

रंग दगडाचे आणि मातीचे. बदख्शानच्या खाणीतला लाजवर्दी निळा, लाल हिंगूळ, पांढरा सफेदा, पिवळ्यासाठी हरताळ. आपल्या वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळदीचे डोंगर लागतात. पण हळदीचा पिवळा उजेडात ठेवला की बघता बघता उडतो, म्हणून टिकाऊ चित्रात तिचा भरवसा धरत नाहीत. खनिज रंग डिंकात खलून, गाळून, पुन्हा खलून इतके मऊ करायचे की कुंचल्याच्या एका केसावरूनही ते ओघळावेत. चित्र पुरं होत आलं की ते पुन्हा पालथं घालून घोटायचं, म्हणजे रंगाचे थर एकमेकांत दबून बसतात. म्हणून चारशे वर्षांनंतरही या चित्रांना आतून आल्यासारखी एक झाक असते.

सगळ्यात अवघड रंगवायचं ते पांढरं मलमल. आधी खालचं सगळं पुरं रंगवतात: कातडीचा सावळा रंग, विजारीचा रंग. त्यावर सफेद्याचा इतका पातळ हात फिरवतात की कापड दिसतंही आणि आरपारही दिसतं. शेवटी चुण्यांवर आणि शिवणींवर तेवढा दाट पांढरा. काळ्या माणसाच्या अंगावरचं पांढरं वस्त्र ही या रीतीची खरी परीक्षा, कारण खालचा रंग गडद असला की वरच्या पांढऱ्याची जरा कमी-जास्त जाडी लगेच डोळ्यात भरते. मुघल आणि दख्खनी चित्रकारांनी हबशी सरदारांची चित्रं काढताना कातडीचा काळा रंग कुठे उजळवला नाही, लपवला नाही. कपाळाचा उंचवटा, नाक, गालाचं हाड यांवर काळ्यातच तपकिरी आणि करडी छटा देऊन त्यांनी चेहरा घडवला. मला हा साधा सच्चेपणा फार मोठा वाटतो.

चेहरा नेहमी बाजूने का? कारण बाजूची कड हीच माणसाची सगळ्यात पक्की खूण. समोरून दिसणारं नाक फसवतं. बाजूच्या रेषेला फसवता येत नाही. शिवाय ती रेषा एकदा मिळाली की ती पुन्हा पुन्हा वापरता येते. चित्रकार हरणाच्या पारदर्शक कातड्याचा पातळ तुकडा मूळ चित्रावर ठेवून रेषा उतरवून घेत, तिच्यावर सुईने बारीक भोकं पाडत, आणि त्या भोकांवर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. खालच्या नव्या कागदावर ठिपक्यांनी तोच चेहरा उमटे. रांगोळीचा भोकं पाडलेला छाप असतो, तसंच. याला चरबा म्हणतात. असे चरबे चित्रशाळेत पिढ्यान् पिढ्या सांभाळले जात. माणूस शेकडो कोस दूर असला, शत्रू असला, मेलेला असला, तरी त्याची बाजूची रेषा कारखान्यात शिल्लक राही.

यातून एक कोडं निदान अर्धं सुटतं. मलिक अंबर मुघल चित्रकारापुढे कधी बसला असेल असं वाटत नाही. मग हाशिमला त्याचा चेहरा कुठून सापडला? अभ्यासकांचं मत असं की हाशिम मूळचा दख्खनचा असावा आणि तिथून तो मुघल दरबारात गेला. विजापूरचा इब्राहिम आदिलशहा, गोवळकोंड्याचा महंमद कुतुबशहा यांची चित्रंही त्याने काढली. दख्खनचे चेहरे काढणं हे जणू त्याचंच खातं होतं. अंबरची एखादी दख्खनी प्रतिमा त्याच्याबरोबर किंवा वकिलांच्या येण्याजाण्यातून उत्तरेला गेली असणार. चित्रांवाटे चेहरा मागवणं ही तर जहांगीरची रीतच होती. १६१३ मध्ये त्याने इराणला वकिलात पाठवली, तेव्हा बिशनदास हा चित्रकार बरोबर दिला. त्याचं काम एकच: शाह अब्बासचा चेहरा हुबेहूब घेऊन येणं. अकबराने तर आपल्या सगळ्या सरदारांच्या प्रतिमा काढून घेऊन त्यांचा संग्रहच करवला होता. गुप्तहेर बातमी आणतो, चित्रकार माणूस आणतो. समोरचा राजा म्हातारा झालाय का, सुटलाय का, नजर कशी आहे, हे सगळं त्या हातभर कागदावर बादशहापुढे येई.

अंबरच्या चेहऱ्याला एक स्वतंत्र साक्षीदारही आहे. पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला छावणीत प्रत्यक्ष भेटला. त्याने लिहून ठेवलं की हा उंच, धिप्पाड हबशी आहे आणि त्याचा चेहरा जुन्या रोमन लोकांसारखा करारी आहे. त्याच्या राज्यातल्या चांगल्या बंदोबस्ताचंही त्याने कौतुक केलं. हाशिमची रेषा आणि ब्रूकेचे शब्द एकमेकांना ओळखतही नव्हते, तरी दोघांत तोच करारीपणा सापडतो.

त्या काळात छोट्या प्रतिमांचं वेड जगभर होतं. इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१६ मध्ये जहांगीरला एक चिमुकली इंग्रजी प्रतिमा दाखवली आणि अशी कुणाला जमणार नाही अशी पैज लागली. काही दिवसांनी रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, त्याच्यापुढे सहा प्रतिमा मांडल्या. त्यांतल्या पाच दरबारी चित्रकारांच्या नकला होत्या. आपली कोणती हे ओळखताना रोची पंचाईत झाली. जहांगीर खुदकन हसला असेल! हा बादशहा आपली छोटी प्रतिमा मर्जीतल्या लोकांना द्यायचा आणि ती मानाने अंगावर मिरवली जायची. रोलाही सोन्यात घडवलेली अशी प्रतिमा मिळाली. पुढे शंभर वर्षांनी रशियात पीटर द ग्रेटने हीच चाल केली. मीनाकामात काढलेली, हिऱ्यांनी मढवलेली झारची इवलीशी प्रतिमा मोठ्या कामगिरीबद्दल मंत्र्या-सेनापतींना मिळे आणि ते ती छातीवर लावत. रशियन मुत्सद्द्यांच्या तैलचित्रांत छातीवर ती चकाकताना दिसते. राजाचा चेहरा जवळ बाळगणं म्हणजे राजाचा भरवसा जवळ बाळगणं. आणि दख्खनचे चेहरेही रशियात पोहोचले आहेत. सेंट पीटर्सबर्गच्या प्रसिद्ध मुरक्क्यातली चित्रं १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली तेव्हा इराणात गेली असं मानतात. तो मुरक्का १९०९ मध्ये तेहरानमध्ये झारच्या रशियासाठी विकत घेतला गेला. बहिरी ससाणा हातावर घेऊन घोड्यावरून निघालेला विजापूरचा इब्राहिम आदिलशहा आज नेव्हा नदीकाठच्या त्या शहरात आहे.

अंबरचा मुरक्का मात्र दिल्ली-आग्ऱ्याहून दुसऱ्या वाटेने गेला. जहांगीरच्या वेळची चित्रं शाहजहानने एकत्र बांधून घेतली आणि त्यांना नव्या चौकटी करवल्या. शाहजहानच्या हातात हाशिमचं पान आलं असेल तेव्हा काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. शाहजादा खुर्रम असताना तो अंबरवर दोनदा चालून आला होता, आणि दोन्ही वेळा अंबरला तह करावा लागला होता. पुढे बापाविरुद्ध बंड करून, सगळीकडून हरून, जिवाच्या भीतीने तो दख्खनला पळाला तेव्हा त्याला आसरा दिला तो याच म्हाताऱ्याने. दोघांच्या फौजांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढाही घातला. मुघल तख्तावर बसलेल्या माणसांत अंबरचं मीठ खाल्लेला हाच एक. आणि १६३६ मध्ये निजामशाही कायमची बुडवली तीही यानेच. त्याच्या संग्रहात एका पानावर बापाने बाण मारलेलं ते मुंडकं, आणि दुसऱ्या पानावर त्याला आसरा देणारा तो माणूस.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचं नाव फारसं सरळ घेत नाही, शिवीबरोबरच घेतो. पण अंबर वारल्यावर त्याच दरबारचा इतिहासकार मुतमद खान लिहितो की युद्धात, हुकमतीत, समजेत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. दख्खनच्या पुंडांना त्याने ताब्यात ठेवलं आणि मरेपर्यंत मानाने राहिला. शत्रूच्या दरबारी लेखणीतून इतकं आलं तेव्हा अंबर जिवंत नव्हता. हाशिमने ते त्याआधीच, अंबर जिवंत असताना, शत्रूचा पगार घेऊन, कुंचल्याने करून ठेवलं होतं.

पुढे अंबरचा हा मुरक्का इंग्रजांकडे गेला. १८०७ ते १८१३ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड मिंटोच्या घराण्यात तो राहिला, म्हणून आज त्याला मिंटो अल्बम म्हणतात. १९२५ मध्ये लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला आणि चाळीस पानांची वाटणी झाली. एकवीस पानं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला गेली. एकोणीस पानं चेस्टर बीटी या धनाढ्य अमेरिकी संग्राहकाने घेतली आणि ती पुढे डब्लिनला गेली. वाटणी अशी झाली की हाशिमचा उभा अंबर लंडनला राहिला आणि अबुल हसनचं मुंडकं डब्लिनला गेलं. तीनशे वर्षं एका पुठ्ठ्यात राहिलेली दोन पानं, आता मध्ये समुद्र.

हाशिमचं आणखी एक चित्र अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे, तेही माणसाच्या उतारवयातलं. खानखानान अब्दुर्रहीमचं. ज्याच्या मुलाने नांदेडला अंबरला घोड्यावरून पाडलं, जो वर्षानुवर्षं दख्खनात अंबरशी लढला, आणि जो अंबरशी आतून मिळालेला आहे असा दरबाराला संशय होता, तो रहीम. मुलाच्या मृत्यूचं दुःख भोगलेला, थकलेला चेहरा. एकाच हाताने दोन्ही वैऱ्यांना सारख्याच नजरेने पाहिलं.

ही तिन्ही चित्रं आज संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून बघता येतात. पण मला वाटतं त्यांच्या चांगल्या, मूळ आकाराच्या प्रती मराठवाड्यात एका भिंतीवर शेजारी शेजारी लागल्या पाहिजेत, खाली मराठीत दोन-दोन परिच्छेद लिहून. खुलताबादला अंबरची कबर आहे. तिथे जाणाऱ्या वाटेवर कागजीपुऱ्यात हाताने कागद करणारी घरं आजही आहेत, आणि प्रती त्या कागदावर छापता येतील. संभाजीनगरला एक संच, नांदेडला एक. आणि एक हिंगोलीला, जिल्हा ग्रंथालयात. शाळेतली पोरं तिथे येतात, आणि चारशे वर्षांपूर्वी गोदावरीपलीकडून आपल्या शिवेवर घोडा दामटत येणारा माणूस नेमका कसा दिसायचा, हे त्यांना अजून कुणी दाखवलेलं नाही.